पाण्यापासून किती लांब

ऑ सेबल नदीच्या काठी गाडी थांबली तशी मुलं दारं उघडून थेट पाण्याकडे पळाली. नवरा ट्रेलर मागे घ्यायच्या खटपटीला लागला. आईने घडीच्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि चहाचं भांडं कुठल्या खोक्यात आहे ते शोधू लागली. बाबा तेवढे पाण्याकडे पाठ करून उभे होते आणि झाडं बघत होते. एका सीडरचा बुंधा, त्याच्या फांद्या, परत बुंधा, मुळं, मग पुढचं झाड. मला वाटलं, एखादा पक्षी दिसला असेल.

"काय शोधताय बाबा?"

"कचरा."

ही २०१२ च्या जूनमधली गोष्ट. बाबा त्या वर्षी निवृत्त झाले होते आणि पहिल्यांदाच आमच्याकडे मिशिगनला आले होते. नदी दिसली की बाबा आधी झाडांकडे बघतात, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. वाईला कृष्णेच्या घाटावर, नरसोबाच्या वाडीला, कोकणात जाताना एखाद्या पुलावर एसटी थांबली तरी. का बघतात, हे मात्र मी कधी नीट विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं. पूर ओसरला की वाहून आलेलं गवत, काटक्या, चिंध्या फांद्यांच्या बेचक्यांत अडकून राहतात. पाणी जातं, कचरा राहतो. ज्या अंगाने लोंढा आला त्या अंगाची साल सोललेली असते. कचरा जितका वर, तितकं पाणी वर आलेलं. नदीकाठी बसायचं तर तिची ही उंची आधी माहीत पाहिजे.

१२ जुलै १९६१ ला बाबा नऊ वर्षांचे होते. नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत सात माणसं राहत होती. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खाली खडकवासल्याला आलं, तेही धरण टिकलं नाही आणि मुठा पुण्यात शिरली. लकडी पूल पाण्याखाली गेला. आजीने पोरांना हाताशी धरलं, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ओच्यात घेतला आणि पर्वतीची वाट धरली. घरी परतले तेव्हा वाड्याच्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या आणि लाकडी खांब गाळात तसेच उभे होते. बाबांना त्या दिवसातलं सगळ्यात स्वच्छ काय आठवतं, तर समोरच्या पिंपळावर, माणसाच्या दुप्पट उंचीवर, शेजारच्या काकूंचं हिरवं लुगडं अडकलेलं होतं. काकूंनी ते काढू दिलं नाही. पुढे काही वर्षं आमचं घर पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या खोल्यांत होतं. तिथून शाळेला जाताना बाबा मुद्दाम वाट वाकडी करून तो पिंपळ बघायला जायचे.

आणि ऑ सेबलच्या काठी त्यांना कचरा सापडेना. एकाही झाडावर काही नाही. सीडर पाण्यावर इतके ओणवलेले, की काहींच्या फांद्या पाण्याला टेकल्या होत्या, आणि तरी त्यांच्यात एक काडी अडकलेली नव्हती. गवत अगदी पाण्याच्या ओठापर्यंत आलेलं. मुळांवरचं शेवाळ अखंड होतं. बाबा गोंधळले. "या नदीला पूर येत नाही का?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. दहा वर्षं मी त्या राज्यात राहत होते, आणि नदीला विचारायचा पहिला प्रश्न मला सुचलाच नव्हता.

उत्तर दिलं ते तिथल्या कॅम्पग्राउंड होस्टने. ही स्वयंसेवक मंडळी असतात, बहुतेक निवृत्त; उन्हाळाभर स्वतःच्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, तिथेच राहतात, येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करतात, हातपंप बिघडला तर कळवतात. या म्हाताऱ्या गृहस्थांनी काठीने जमीन उकरून दाखवली. दोन बोटं माती आणि खाली नुसती वाळू. हिमयुगातल्या बर्फाने मागे सोडलेली वाळू, थरावर थर. ग्रेलिंगच्या आसपास पडणारा पाऊस धावत नदीकडे जात नाही, तो या वाळूत मुरतो आणि सावकाश, झऱ्यांनी, नदीत उतरतो. म्हणून ही नदी वर्षभर जवळजवळ एकाच पातळीवर वाहते आणि ऐन उन्हाळ्यातही गार असते. त्या गार पाण्यामुळे इथे ट्राउट मासा आहे. नद्यांच्या आणि माशांच्या रक्षणासाठी देशभर काम करणारी 'ट्राउट अनलिमिटेड' ही संस्था १९५९ साली याच नदीच्या काठी स्थापन झाली.

मी भाषांतर करत होते आणि बाबा ती वाळू मुठीत घेऊन हलकेच सोडत होते. "आपल्याकडे खाली कातळ," ते म्हणाले. "पडलं की पळालं." मग त्यांनी बूट काढले, मोजे काढून नीट घडी करून बुटात ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठावर बसून पाय पाण्यात सोडले. पाणी बर्फासारखं होतं, तरी त्यांनी पाय काढले नाहीत. माझ्या आठवणीत बाबांनी नदीत पाय सोडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. आई चहा घेऊन आली आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी बसली.

तंबूची किंवा आरव्हीची जागा कशी निवडावी, असं मला नव्याने आलेली मराठी कुटुंबं विचारतात, तेव्हा मला आधी हे दृश्य आठवतं.

मिशिगनमध्ये अकरा हजारांहून जास्त तळी आहेत, आणि असं म्हणतात की या राज्यात कुठेही उभे राहा, सहा मैलांच्या आत तळं किंवा ओढा असतोच. त्यामुळे पाण्याजवळ जागा मिळणं ही इथली अडचण नाही. किती जवळ, कुठल्या पाण्याच्या जवळ, हा खरा प्रश्न. सरकारी उद्यानांतल्या जागा सहा महिने आधी राखून ठेवता येतात. पडद्यावर नकाशा उघडला की पाण्याला लागून असलेली पहिली रांग सगळ्यात आधी भरते. जुलैतल्या शनिवार-रविवारची तर काही मिनिटांत. आम्हीही पूर्वी त्याच रांगेसाठी बसायचो. आता नाही.

कारण ऑ सेबलच्या आधीची एक रात्र. २००९ साल, मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोन. तेव्हा आमच्याकडे ट्रेलर नव्हता, एक तंबू होता. केंटकीत एका खासगी कॅम्पग्राउंडवर आम्ही नदीकाठची जागा जास्त पैसे देऊन घेतली. नदी गुडघाभर, खडकांवरून खळखळणारी. मी मुद्दाम तंबूचं दार पाण्याकडे केलं, म्हणजे तो आवाज ऐकत झोप लागेल. आकाशात चांदणं होतं. लांब डोंगरापलीकडे विजा चमकत होत्या, पण गडगडाटसुद्धा ऐकू येत नव्हता. रात्री तीनच्या सुमाराला मला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज बदलल्याने. खळखळ थांबली होती. खडक बुडाले की पाणी बोलायचं थांबतं आणि नुसता एक जाड घरघराट राहतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण अंगाला कळलं. बॅटरी लावली तर तंबूपासून चार हातांवर पाणी, तपकिरी, त्यात फांद्या. आम्ही मुलांना झोपेतच उचलून गाडीत टाकलं आणि वर रस्त्यावर आलो. सकाळी तंबू अर्धा गाळात होता. खुर्च्या आणि बर्फाची पेटी गेली होती. आमच्यावर पावसाचा एक थेंब पडलेला नव्हता. पाऊस वर पडला होता, दहा-पंधरा मैलांवर, जिथून ती नदी येते.

त्या कॅम्पग्राउंडच्या मालकांनी आम्हाला उरलेल्या रात्रीचे पैसे परत दिले आणि 'असं फार क्वचित होतं' असं सांगितलं. मला त्या वाक्याचा राग आला, अजून येतो. क्वचित होतं हे त्यांना माहीत होतं, म्हणजे होतं हे माहीत होतं. जागा दाखवताना त्यांनी पाण्याचा आवाज किती छान येतो तेवढंच सांगितलं होतं.

मी पुण्याला फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मुलं बरी आहेत ना, हे दोनदा विचारलं. मग म्हणाले, "वरच्या अंगाला काय आहे, ते विचारलं होतंस का?"

आता मी ते विचारते. धरण आहे का, किती मोठं, कोणाच्या ताब्यात. डोंगर आहेत का, उघडे की झाडीचे. नदी कशावरून वाहते, वाळूवरून, मातीवरून की खडकावरून. एकाच देशातल्या दोन नद्यांत केवढा फरक असतो! ऑ सेबल पाऊस वाळूत मुरवून घेते. टेक्ससमधली ग्वाडलूप पातळ मातीखालच्या चुनखडीवरून वाहते आणि तिथला पाऊस मुरत नाही, धावतो. ४ जुलै २०२५ च्या पहाटे हंट या गावापाशी ही नदी सुमारे पाऊण तासात २६ फूट चढली. सुटीचा दिवस होता, काठावरच्या मुलांच्या शिबिरांत आणि आरव्ही पार्कमध्ये माणसं झोपलेली होती. टेक्ससमध्ये त्या पुरात १३० हून जास्त माणसं गेली. त्यांत शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. बातम्या बघताना मी माझ्या मुलीचा हात धरून बसले होते. ती आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे, तरी धरला. २०१० च्या ११ जूनलाही असंच झालं होतं. आर्कान्सामधल्या अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडवर लिटल मिझूरी नदी रात्रीत तीन फुटांवरून तेवीस फुटांच्या वर गेली आणि वीस माणसं मेली. दोन्ही वेळा अंधार होता, दोन्ही वेळा माणसं झोपेत होती.

तंबू आणि आरव्ही या सखल जागीच का असतात, याचं उत्तर मला बरंच उशिरा कळलं. जिथे पूर येतो तिथे घर बांधायला परवानगी मिळत नाही किंवा ते परवडत नाही, म्हणून ती जमीन मोकळी राहते. मोकळी, सपाट, झाडांची, पाण्यालगतची जमीन म्हणजे कॅम्पग्राउंडसाठी अगदी हवी तशी. इथल्या केंद्रीय पूरविमा योजनेच्या नियमांत पूरक्षेत्रातल्या आरव्हीसाठी एक अट आहे. आरव्ही एका जागी १८० दिवसांहून कमी काळ असावी किंवा चाकांवर, रस्त्यावर धावायला तयार स्थितीत असावी. म्हणजे गृहीत असं, की पाणी आलं तर घर ओढून नेता येईल. पहाटे चार वाजता, विजेची तार, पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याची नळी जोडलेला, ठोकळ्यांवर सपाटीला आणलेला ट्रेलर सोडवून गाडीला अडकवायला किती वेळ लागतो, हे मी अनुभवाने सांगते. दिवसाउजेडी, दोन माणसांनी, सराव असताना वीस मिनिटं. पुराच्या रात्री ट्रेलर सोडायचा आणि माणसं न्यायची. कोलोरॅडोतल्या दऱ्यांमध्ये रस्त्याकडेला पाट्या दिसतात, त्यावर चढणारा माणूस काढलेला असतो. पूर आला तर वर चढा, गाडीतून पळू नका, एवढाच त्यांचा अर्थ. ३१ जुलै १९७६ ला बिग थॉम्पसन दरीत १४० हून अधिक माणसं गेली. त्यातल्या कितीतरी जणांना काही मिनिटांची चढण वाचवू शकली असती.

आपल्याकडे नदीला दोन रेषा आखतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुण्यात घर घेणाऱ्याला हे शब्द ओळखीचे असतात. तंबू ठोकणाऱ्याला कोणी सांगत नाही. माझा भाचा दर वर्षी मित्रांबरोबर पवनेच्या काठी तंबूत राहायला जातो. मे महिन्यात तळं आटलेलं असताना जिथे तंबू लागतात, त्यातली बरीच जमीन पावसाळ्यात पाण्याखाली असते. कारण ते तळं नाही, धरणाचं पोट आहे.

तळं म्हणजे स्थिर पाणी, निर्धास्त पाणी, अशी माझीही समजूत होती. ऑ सेबलनंतर आम्ही आईबाबांना लुडिंग्टनला नेलं. ते उद्यान दोन तळ्यांच्या मधे आहे. एकीकडे समुद्रासारखं लेक मिशिगन, दुसरीकडे हॅमलिन लेक, आणि दोघांना जोडणारी आखूड बिग सेबल नदी. तंबूच्या जागा त्या दोन पाण्यांच्या मधल्या झाडीत. जूनच्या अखेरीला तिथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमाराला मावळतो. आई वाळूत बसून 'अजून उजेड आहे, अजून उजेड आहे' म्हणत राहिली. आम्ही १८६७ साली बांधलेल्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दीपगृहापर्यंत चालत गेलो. बाबांना त्याची उंची आवडली. ११२ फूट.

दुसऱ्या दिवशी हॅमलिनच्या धरणापाशी गेलो. छोटंसं धरण, वर उभं राहून मुलं मासे बघत होती. तिथे कळलं की हे तळं माणसांनी केलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात इथली जंगलं तोडली गेली, ओंडके साठवायला आणि गिरणी चालवायला नदी अडवली. धरणाखाली हॅमलिन नावाचं गाव वसलं होतं. १८८८ साली धरण फुटलं आणि ते गाव लेक मिशिगनमध्ये वाहून गेलं. पुन्हा बांधलं, १९१२ साली पुन्हा फुटलं. मी हे वाचून बाबांना मराठीत सांगितलं. माझा आवाज सांगता सांगता बारीक झाला. ते कठड्याला धरून खाली नदीकडे बघत राहिले. "गावातली माणसं वर गेली का वेळेवर?" त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. संध्याकाळी ते होस्टकडे गेले आणि हातवारे करून, मोडक्या इंग्रजीत, आमच्या जागेपासून वर जायची वाट कुठली ते समजून घेऊन आले. मुलांना ती वाट दोनदा चालवली.

मला तेव्हा ते जरा जास्त वाटलं होतं. मे २०२० मध्ये वाटेनासं झालं. आमच्या घरापासून दोन-अडीच तासांवर टिटाबवासी नदीवर एडनव्हिल नावाचं धरण होतं. १९ मे च्या संध्याकाळी, दोन दिवसांच्या पावसानंतर, त्याचा मातीचा बांध घसरला. ते पाणी खालच्या सॅनफर्डच्या धरणाला जाऊन भिडलं आणि तेही गेलं. करोनाच्या ऐन काळात मिडलँडच्या परिसरातून सुमारे दहा हजार माणसांना घर सोडावं लागलं. सुदैवाने जीव वाचले. पण विक्सम लेक हे धरणामागचं तळं एका रात्रीत नाहीसं झालं. आम्ही त्या काठी एका मित्राच्या आरव्हीत दोन उन्हाळे घालवले होते. नंतरची छायाचित्रं पाहिली. होड्या बांधायचे लाकडी धक्के रांगेने चिखलात उभे, पुढे पाणी नाही, तर जुन्या जंगलाचे बुडखे. आधी वरचं धरण, मग खालचं. मी फोनवर सांगत होते आणि पलीकडून बाबा म्हणाले, "पानशेत, मग खडकवासला."

हिमयुगाने केलेली तळी तशी फुटत नाहीत. वितळणाऱ्या बर्फाचा मोठा तुकडा मागे राहिला, वाळूत पुरला गेला, विरघळला आणि खळगा उरला, अशी मिशिगनमधली कितीतरी छोटी तळी झाली आहेत. मला सर्वांत आवडतात ती हीच. वल्ह्यांच्या होड्या, कमळं, रात्री लून पक्ष्याची हाक. पण पंचमहातळ्यांचं तसं नाही. लेक मिशिगनची पातळी जानेवारी २०१३ मध्ये नोंदीतल्या नीचांकावर होती आणि २०२० च्या उन्हाळ्यात ती त्याहून सहा फुटांपेक्षा जास्त वर होती. काठावरची काही घरं कड्यासकट खाली आली. शिवाय वारा आणि हवेचा दाब यांनी हे पाणी हेलकावतं. परातीत पाणी घेऊन चाललं की ते एका कडेला चढतं, तसं. २६ जून १९५४ ला शिकागोत असाच एक हेलकावा आला आणि धक्क्यावर मासे धरत बसलेली आठ माणसं वाहून गेली.

माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक मुक्कामानंतर मी तिच्यात लिहिते. जागेचा क्रमांक, उतार कुणीकडे, वारा कुठून, वर मेलेली फांदी आहे का, पहाटे तंबूच्या आतून दव गळलं का. पाण्यालगतच्या खोलगट जागी रात्री गार हवा साचते आणि तंबू आतून ओला होतो. साचलेल्या पाण्याजवळ डास, पण मे-जूनमध्ये उत्तरेकडे वाहत्या ओढ्याजवळ काळ्या माश्या, कारण त्यांची पैदासच वाहत्या पाण्यात होते. लेक सुपीरियरच्या दक्षिण काठावर वारा दक्षिणेचा असेल तर घोट्याला चावणाऱ्या माश्या बसू देत नाहीत. ट्रेलरसाठी जमीन सपाट हवी, कारण जुन्या पद्धतीचा गॅसवर चालणारा फ्रीज तिरका राहिला तर बिघडतो. पाण्याला उतरणाऱ्या जागेवर अर्धा तास ठोकळे घालण्यात जातो. या साध्या गोष्टी आहेत, दोन-तीन मुक्कामांत कोणालाही कळतात. वहीतला महत्त्वाचा आकडा वेगळा आहे. पाण्यापर्यंत किती पावलं, आणि पाण्याच्या किती वर.

पावलं मोजायला शिकले त्याला आणखी एक कारण आई आहे. ऑ सेबलच्या काठी जेवणं झाल्यावर तिने सवयीने भांडी उचलली आणि नदीकडे निघाली. माझ्या आजोळी ओढ्यावर भांडी घासलेली तिने, तिला त्यात वावगं ते काय वाटणार? होस्टने फार अदबीने थांबवलं. पाण्यापासून दोनशे फूट, म्हणजे सुमारे सत्तर पावलं, लांब जाऊन भांडी धुवायची, पाणी जमिनीवर पसरून टाकायचं; माती त्याला गाळून घेते. साबण नैसर्गिक असला तरी नदीत नाही. आरव्हीवाल्यांनी तर न्हाणीचं पाणीही टाकीत साठवून ठरलेल्या ठिकाणीच रिकामं करायचं. आईला वाटलं होतं तसा राग आला नाही. ती सत्तर पावलं मोजत वर गेली, भांडी धुतली, आणि परत येऊन मला म्हणाली, "हे बरं आहे गं. खाली कुणीतरी पाणी पीत असेल."

आम्ही आता दुसऱ्या रांगेतली जागा घेतो. पहिल्या रांगेच्या मागे, थोडी उंचावर, जिथून झाडांच्या फटीतून पाणी दिसतं आणि रात्री कान दिला तर ऐकू येतं. सकाळी चहाचा पेला घेऊन चालत खाली जायचं, तासभर बसायचं, परत यायचं. पाण्याला भेटायला जाण्यात एक आदर आहे, तो दारातून पाय बाहेर टाकला की पाणी असण्यात नाही. मला ही रांग पहिल्या रांगेहून सुंदर वाटते, आणि ती जवळजवळ नेहमी शिल्लक असते.

यंदा बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना आता एवढा प्रवास झेपत नाही. १२ जानेवारीला सकाळी आठला मी १२ जुलैची जागा राखायला बसले, तेव्हा पुण्यात संध्याकाळ होती आणि ते व्हिडिओ कॉलवर होते. तारीख त्यांच्या लक्षात आली होती, माझ्याही. आम्ही दोघांनीही तिचा उच्चार केला नाही. मी नकाशा त्यांना दाखवला. निळं पाणी, पहिल्या रांगेचे चौकोन एकेक करून भरत चाललेले.

"वरच्या अंगाला काय आहे?"

"काही नाही बाबा. वाळूतलं तळं आहे, बर्फाचं. धरण नाही."

"आणि पाण्यापासून किती लांब?"

मी वही उघडली. गेल्या वर्षी त्याच जागेवर राहिले होते. "एकशे चाळीस पावलं," मी म्हटलं, "आणि अकरा फूट वर."

"घे," ते म्हणाले. मी घेतली.